शिक्का गिरणीचा, माग आमचा

मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कादंबऱ्या आल्या, नाटके आली, चित्रपट आले, प्रबंध झाले. या साऱ्या लिखाणात एक वाक्य हमखास भेटते: दरम्यान मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेतले. बस, एवढेच. वाक्य संपते आणि लेखक पुन्हा लालबाग-परळला परततो. ते कापड कोणी विणले, किती तास उभे राहून विणले, त्याच्या हातात काय पडले, हे विचारायला कशेळीची खाडी ओलांडून फारसे कोणी आले नाही.

आम्ही त्या एका वाक्यात राहतो. भिवंडीच्या उर्दू शाळांत शिकवणारी आम्ही माणसे. प्रवेशाच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो आणि वर्षानुवर्षे त्यात आम्ही 'मजुरी' हा एकच शब्द लिहीत आलो आहोत. लूमवरचा कारीगर, काँडी भरणारा, वार्पिंगवाला, साइझिंगमध्ये भट्टीशेजारी उभा राहणारा, ताग्याचे ओझे वाहणारा हमाल, सगळे 'मजुरी'. कुठल्या कारखान्यात, कोणाकडे, किती वर्षे, हे विचारण्याची सोय त्या अर्जात नाही. आणि विचारले तरी बाप सांगणार काय? त्याच्याकडे दाखवायला कागदाचा कपटाही नसतो.

संपाचा इतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण आमची तरुण मंडळी तो चित्रपटापुरता जाणतात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या साठाच्या आसपास गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ ही मागणी होतीच. पण वर्षानुवर्षे बदली म्हणून राबणाऱ्यांना कायम करा, आणि आमची युनियन कोणती हे आम्हाला ठरवू द्या, या मागण्या त्याहून मोठ्या होत्या. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे संपूर्ण उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन बोलणी करू शकत होती, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार एका बाजूला आणि त्यांच्या नावाने सही करणारा दुसऱ्या बाजूला, अशी ती व्यवस्था होती. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. तो झिजत गेला. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, बाकीच्या गिरण्यांनी निवडून निवडून माणसे परत घेतली, आणि लाखाच्या आसपास माणसे कायमची रस्त्यावर आली.

संप का हरला याची कारणे अनेक सांगतात. मालकांकडे मालाचा साठा होता, दिल्लीला नमते घ्यायचे नव्हते, नेत्याने ताणून धरले. आम्ही म्हणतो, या सगळ्यांच्या तळाशी एक कारण होते. गिरणी बंद असूनही कापड बंद झाले नाही. सूत भिवंडीत येत राहिले, कोरे कापड भिवंडीतून जात राहिले, आणि प्रक्रिया होऊन त्यावर गिरणीचाच शिक्का बसत राहिला. मालकाला जर साच्याविना कापड मिळत असेल, तर साचेवाल्याच्या संपाला तो कशाला भीक घालील?

आज ज्याला आउटसोर्सिंग म्हणतात, व्यवस्थापन शास्त्राच्या वर्गात ज्याचे कौतुकाने धडे दिले जातात, ते आमच्या गल्लीत तो शब्द यायच्या आधीच येऊन बसले होते. संपाने त्याला वेग दिला, जन्म नव्हे. १९५६ पासून गिरण्यांना साचे वाढवण्यावर सरकारचे बंधन होते. हेतू हातमागाला जगवण्याचा होता. ती मोकळी जागा हातमागाला मिळाली नाही, यंत्रमागाने घेतली. गिरणीच्या कापडावर अबकारीचा बोजा, यंत्रमागावर सवलत. गिरणीत कारखाना कायदा, प्रॉव्हिडंट फंड, ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि वर युनियन. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये यातले काहीच नाही. मग स्वस्त कापड कुठले पडणार? कारीगर जास्त हुशार म्हणून नव्हे, माग जास्त चांगला म्हणून तर नव्हेच. आमचे कित्येक माग गिरण्यांनी मोडीत काढलेलेच होते. स्वस्त होता तो माणूस, कारण त्याच्या आजारपणाचा, म्हातारपणाचा आणि मरणाचा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नव्हता. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने हीच गोष्ट सरकारी भाषेत मान्य केली, आणि न चालणाऱ्या गिरण्यांना बंद होण्याची वाट मोकळी करून दिली.

हे साधले कसे, तेही सांगू. कारखाना कायद्याची कक्षा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगारांपासून सुरू होत असे. म्हणून एकाच छपराखालचे चोवीस माग कागदावर चार जणांचे झाले. सहा मोठ्या भावाचे, सहा धाकट्याचे, सहा बायकोच्या नावे, सहा मेहुण्याच्या. मधे एक विटांची भिंत, कधी तीही नाही. एका शेडमध्ये चार कारखाने आणि एकाही कारखान्यात दहा कामगार नाहीत. ही युक्ती भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत सर्वांना ठाऊक आहे. कामगार खात्याच्या निरीक्षकाला तर सर्वांत आधी ठाऊक असते.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जो सार्वत्रिक संप झाला, तो कशावरून होता? मालकांनी 'रॅशनलायझेशन' आणले होते. दोन साचे सांभाळणाऱ्याने तीन सांभाळावेत, सूतखात्यात एक बाजू पाहणाऱ्याने दोन पाहाव्यात, असा तो डाव होता. सहा महिने उपास काढून कामगारांनी तो अडवून धरला, त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्या साचेखात्यांत मदनपुऱ्याचे मोमीन विणकर मोठ्या संख्येने होते. म्हणजे आमचेच आजे-पणजे. तिसरा साचा नको म्हणून त्यांनी घरातली भांडी गहाण टाकली, आणि त्यांचा पणतू आज भिवंडीत सहा-आठ माग एकटा सांभाळतो, बारा तासांच्या पाळीत, कानाला दडे बसेपर्यंत. त्याला कोणी रॅशनलायझेशन म्हणत नाही. त्याला 'धंदा असाच चालतो' असे म्हणतात.

संप मोडायला मालकाला नेहमीच दुसरा कोणीतरी गरीब लागतो, ही गोष्टही मुंबईने तेव्हाच पाहिली. १९२८ च्या अखेरीस तेल कंपन्यांच्या संपात पठाणांना कामावर आणले गेले. पाठोपाठ मुले पळवणाऱ्यांच्या अफवा उठल्या आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये दंगल पेटली. कामाचे भांडण होते, ते धर्माचे झाले. १९८२ मध्ये गिरणगाव बंद होता आणि भिवंडी चालू. दोन्हीकडचे विणकर एकाच धाग्याच्या दोन टोकांना उभे होते, पण कामगार म्हणून ते एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. मे १९८४ मध्ये भिवंडी आणि मुंबई पेटली, तेव्हा भेटले ते हिंदू आणि मुसलमान म्हणून. या दोन तारखांमध्ये फक्त सव्वादोन वर्षांचे अंतर आहे. आमच्या विचारवंतांनी दंगलीवर पुस्तके लिहिली, संपावर लिहिली. दोन्हींच्या मधे पडलेल्या या धाग्याकडे फारच थोड्यांनी पाहिले.

आता मुद्द्याची गोष्ट. हरलेल्या गिरणी कामगारालाही काहीतरी उरले होते. ते होते मस्टरवरचे त्याचे नाव. गिरण्यांच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या. १९९१ च्या नियमाने ठरलेला तिसरा हिस्सा २००१ च्या दुरुस्तीने कापला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती दुरुस्ती टिकली. तरीही उरलेल्या तुकड्यावर कामगारांच्या संघटनांनी घरांचा हक्क सोडला नाही. १ जानेवारी १९८२ रोजी जो मस्टरवर होता, तो किंवा त्याचा वारस अर्ज करण्यास पात्र ठरला. तिकीट नंबर, ईएसआयचे कार्ड, फंडाची पावती, रजेचे पुस्तक, म्हातारीने ट्रंकेत जपून ठेवलेले असे कागद बाहेर निघाले. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली तेव्हा दीड लाखाच्या आसपास अर्ज होते. किती जणांना घर मिळाले आणि किती जण वाट पाहता पाहता गेले, ही कहाणी दुःखाचीच आहे. तरी अर्ज करता आला. तीस वर्षांनंतर सरकारच्या खिडकीशी उभे राहून 'मी येथे होतो' असे म्हणता आले.

त्याच १ जानेवारी १९८२ रोजी भिवंडीत त्याच गिरणीचे कापड विणणारा आमचा माणूस कोणत्या खिडकीशी उभा राहील? त्याची पात्रता कोणत्या कागदावर? कापड एक, शिक्का एक, बाजारात भावही एक. एकाचे नाव मस्टरवर होते, दुसऱ्याचे कुठेच नव्हते. आमची सारी तक्रार या एका फरकाबद्दल आहे.

येथे आमचे लूममालक बंधू उसळून उठतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. ते म्हणतील, आम्ही कसले मालक? सूत शेठचे, बीम शेठचे, कापड शेठचे. आम्हाला फक्त विणाईची मजुरी, तीही पिकावर मोजून. इचलकरंजीत अशा मालकाला खर्चीवाला म्हणतात, हा शब्द फार प्रामाणिक आहे. मुंबईच्या बाजारातला व्यापारी दर ठरवतो, बिल तीन-तीन महिने अडकवतो, माल नापास म्हणून कापतो. सुताचे भाव रात्रीत बदलतात, विजेचे बिल मात्र बदलत नाही. २०१६ ची नोटबंदी आणि २०१७ चा जीएसटी या दोन फटक्यांत किती माग भंगाराच्या भावाने गेले, ते आम्ही आमच्याच मोहल्ल्यांत पाहिले आहे. हे सगळे कबूल.

पण याच मालकासाठी कायद्यात एक दार उघडले गेले. नोंदणी केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे देणे फार तर ४५ दिवसांत चुकते केले नाही, तर व्यापाऱ्याला त्या खर्चाची आयकरात त्या वर्षी वजावट मिळणार नाही, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. ती किती पाळली जाते हा वेगळा प्रश्न. तिचा फायदा कोणाला? ज्याची नोंदणी आहे त्याला. म्हणजे लूममालकाला न्याय हवा असेल तर आधी कागदावर यावे लागते, हे त्याला पटले आहे. मग तोच मालक आपल्या कारीगराला कागदावर का आणत नाही? शेठने तुमच्याशी केले ते जुलूम, आणि तुम्ही कारीगराशी केले तो रिवाज, असे दोन तराजू एकाच दुकानात कसे चालतील?

या प्रश्नाला आमच्याकडे ठरलेले उत्तर आहे. 'घरातली गोष्ट आहे, आपलेच लोक आहेत.' आधी हे 'आपलेच लोक' तपासून घ्यावे. भिवंडीच्या मालकांत मोमीन आहेत तसे पद्मशाली आहेत, मारवाडी-गुजरातीही आहेत. कारीगरांत मऊ-आजमगडचे अन्सारी आहेत तसे गोरखपूर-बिहारचे आणि तेलंगणाचे हिंदूही आहेत. धागा कोणाचे नाव विचारत नाही, आणि मस्टर न ठेवण्यात सर्व मालकांची एकी आहे. तरी आमच्या बाजूने बोलायचे तर, शुक्रवारी लूम बंद असतात, मालक आणि कारीगर एका सफेत उभे राहतात, मजुराचा मोबदला वेळेवर देण्याची शिकवण बयानात ऐकतात, आणि शनिवारी सकाळी खर्ची मागणाऱ्याला 'पंधरवड्याला ये' असे सांगितले जाते. रमजानमध्ये त्याच कारीगराच्या घरी जकातीचे पाकीट जाते. घेणाऱ्याचे डोळे खाली, देणाऱ्याचा हात वर. ज्याला वर्षभर फंड आणि ईएसआय हक्काने मिळायला हवा, त्याला वर्षातून एकदा मेहेरबानी मिळते. जकात आपल्या जागी आहे. ती पगाराचा पर्याय नाही.

आणि कोणी युनियनचे नाव काढले की 'हे लाल झेंड्याचे लोक, आपले नव्हेत' असे म्हटले जाते. हे म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास वाचावा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले सोलापूरचे कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारेच होते. बार्शीचे शाहीर अमर शेख गिरणीतून आणि संपातून पुढे आले, लाल बावटा कलापथकाचा आवाज झाले. कैफी आझमींनी मदनपुऱ्यात राहून मजुरांत काम केले. या माणसांची चित्रे आम्ही संमेलनाच्या मंडपात लावतो, त्यांच्या नावाने प्रवेशद्वारे उभारतो. त्यांचे काम मात्र मंडपाबाहेर ठेवतो.

आमच्या परिषदांचा कार्यक्रम पाहावा. सच्चर समिती, आरक्षण, उर्दूचे भवितव्य, तलाक, दहशतवादाचे खोटे आरोप. सारे विषय महत्त्वाचे, त्यावर बोललेच पाहिजे. पण २००६ च्या सच्चर अहवालातच लिहिले आहे की मुसलमानांचा फार मोठा भाग लहानसहान स्वयंरोजगारात आणि असंघटित कामात आहे. हा परिच्छेद वक्ते गाळतात. सरकारी नोकरीत आपण किती टक्के, हे सर्वांना तोंडपाठ. लूमवर बारा तास उभ्या असलेल्या माणसाच्या पगाराच्या पावतीबद्दल ठराव कधी झाला? मंडपाच्या खर्चाची वर्गणी कोणाकडून येते, याच्याशी या मौनाचा काही संबंध असेल काय, हे वाचकांनीच ठरवावे.

कंत्राटाचा अर्थ शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात नवा शिक्षक आधी तीन वर्षे 'शिक्षणसेवक' असतो. काम तेच, खडू तोच, पट तोच, पगाराच्या जागी मानधन. प्राथमिकला ते मानधन बरीच वर्षे सहा हजार होते, २०२३ मध्ये सोळा हजार झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी कामाला माणसे पुरवण्याचा शासन निर्णय निघाला. पदवीधर मुले रस्त्यावर आली, वर्तमानपत्रे पेटली, आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. सुशिक्षितांच्या दाराशी ठेकेदार आला तेव्हा महाराष्ट्र दीड महिन्यात जागा झाला. ठेकेदार कारीगराच्या दाराशी किती वर्षे बसला आहे?

भिवंडीला तर आता दुसरी पाळी सुरू झाली आहे. महामार्गाच्या कडेला शेतांतून गोदामे उभी राहिली. मोडलेल्या मागांच्या घरातली मुले, आमच्याच शाळांतून दहावी झालेली, तेथे खोकी उचलतात. गोदाम एका कंपनीचे, माल दुसऱ्या कंपनीचा, मुलगा तिसऱ्याच ठेकेदाराचा. गळ्यातल्या ओळखपत्रावरचे नाव दर काही महिन्यांनी बदलते, म्हणजे नोकरी सलग दिसत नाही. बापाचा मालक निदान गल्लीत राहत होता, त्याचे दार ठोकता येत होते. शहराचे वीजवितरण २००७ मध्ये असेच खासगी फ्रँचायझीकडे गेले, तेव्हा लूममालकांनी मोर्चे काढले. काम बाहेर दिल्यावर तक्रार ऐकणारा कोणी उरत नाही, हे त्या वेळी त्यांनी हात उंचावून सांगितले होते. बरोबर सांगितले होते.

कायद्याची दिशा कुणीकडे आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे कामाचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत विजेवर चालणारा कारखाना वीस कामगारांपासून मोजला जातो, पूर्वी दहापासून होता. कंत्राटी कामगारांसंबंधीच्या तरतुदी पन्नास माणसांपासून लागू होतात, पूर्वी वीसपासून होत्या. म्हणजे मधली विटांची भिंत घालण्याचाही त्रास वाचला. आमच्या शेडमध्ये जे चोरून चालत होते, ते आता देशाला सन्मानाने देण्यात आले आहे. गिरणीचा कामगार आमच्यासारखा झाला. आम्ही त्याच्यासारखे व्हायचे होते. नाही म्हणायला त्याच संहितांत नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. ते पत्र पहिल्यांदा कोणत्या लूमवाल्याने दिले, हे कळले तर आम्ही त्याचा जाहीर सत्कार करू.

अशक्य काही नाही. २०१३ मध्ये इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांनी महिन्याहून अधिक काळ माग बंद ठेवून मजुरीवाढ घेतली. तेथेही खर्चीवालेच आहेत, तेथेही सूत शेठचेच आहे. फरक एवढाच की तेथे बोलायला युनियन होती. आमच्याकडे २०२० मध्ये माग थांबले ते संपाने नव्हे, टाळेबंदीने. खर्ची बंद झाली, बिस्सीवाल्यांच्या चुली विझल्या, आणि माणसे नाशिकच्या रस्त्याने पायी निघाली. मेच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिकांची रेल्वे सुटली, तेव्हा स्टेशनावरच्या यादीत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, गाव, सारे लिहून घेतले गेले. कित्येक कारीगरांचे नाव भिवंडीत पहिल्यांदा कोणत्या यादीत आले असेल, तर ते जाण्याच्या.

पुढे मालकांनी त्यांना परत बोलावले, पेशगी धाडली, गाडीभाडे दिले. आता हंगामात कारीगर मिळत नाही अशी ओरड असते. मालकांच्या संघटनांना आमचे सांगणे असे: येत्या मजुरीच्या बोलणीत दराबरोबर तीन कागद टेबलावर ठेवा. हजेरीचे मस्टर, पंधरवड्याच्या पगाराची पावती आणि नेमणूकपत्र. नमुने उर्दू, हिंदी आणि मराठीत लिहून द्यायला आम्ही शिक्षक तयार आहोत. रकाने आखण्याचे आणि हजेरी भरण्याचे काम आम्हाला येते.